दुसरं पाणी

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या हातून जे झालं ते या छत्तीस वर्षांच्या तोऱ्यातच झालं. गोष्ट मात्र माझी नाही. ती गोटीराम घरत यांची आहे, आमच्या सोसायटीच्या माळ्याची. ते मला बाई म्हणत आणि मी त्यांना दादा.

निवृत्तीनंतर मी आणि माझे मिस्टर फजल उलव्याला राहायला आलो. फजल जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबले, त्यामुळे जमिनीवर त्यांना काही काम सुचत नाही. मला गप्प बसवत नाही. सोसायटीच्या पहिल्याच सभेत मी बागेबद्दल चार शब्द बोलले आणि बागेची कमिटी माझ्या गळ्यात पडली. कमिटीत मी एकटीच होते. बाग म्हणजे इमारतीमागचा मोकळा तुकडा. त्यावर बिल्डरने वीतभर लाल माती पसरून दिली होती आणि ब्रोशरमध्ये त्याला लँडस्केप गार्डन म्हटलं होतं.

गोटीरामदादा वॉचमनच्या ओळखीने आले. पासष्टीच्या आसपासचे, काटक, डोक्याला टॉवेल, गुडघे जरा बाहेर वळलेले. पहिल्या दिवशी त्यांनी ना फावडं मागितलं ना झारी. कोपऱ्यात उकिडवे बसले, लाल माती बोटांनी बाजूला सारली, खालची करडी माती चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खार उतरलाय," ते म्हणाले. "पन माती खाडीचीच हाय. बिल्डिंगच्या पायाला खनलेली हितंच पसरलीय."

"मातीची चव घेऊ नका, जंत होतात," मी म्हणाले. आमची ओळख झाली ती अशी.

ते स्वतःला माळी म्हणवत नसत. त्यांचं गाव आता विमानतळाच्या कुंपणाच्या आत गेलंय. त्याआधी तिथे खाडीला बांध घालून राखलेली भातशेती होती. त्या बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की दार उघडून शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत ते लावून घ्यायचं. उघडायला उशीर झाला तर भात कुजायचं, लावायला उशीर झाला तर खारं पाणी शेतात शिरायचं. गावाची उघाडी एकवीस वर्षं गोटीरामदादांकडे होती. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, बापानंतर आपसूक त्यांच्याकडे आली. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ काढायची आणि हातातलं काम टाकून निघायचं. एकदा तर ते स्वतःच्या मुलीच्या बारशाच्या पंगतीवरून उठून गेले.

"गोजरा दोन दिस बोलली नाय मंग," हे सांगताना ते हसले होते. गोजरा त्यांची बायको.

गाव उठलं तेव्हा त्यांना भूखंड मिळाला. मुलाने त्यावर भागीदारीत इमारत उभी केली आणि आईबापांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या. खोल्या चांगल्या होत्या, वारा होता, चोवीस तास पाणी होतं. दादांची तक्रार नव्हती. फक्त मातीत पाय ठेवायला तीन मजले उतरून रस्त्यावर यावं लागायचं, आणि रस्ताही काँक्रीटचा.

जुनं घर पाडलं त्या वर्षी मे महिन्यात परसातल्या फणसाला शेवटची फळं आली. गोजराबाईंनी गरे गावभर वाटले, आठळ्या दरवर्षीप्रमाणे सोड्यांच्या कालवणात घातल्या आणि पाच आठळ्या बाजूला काढल्या. आठळी सुकली की रुजत नाही. म्हणून त्यांनी त्याच दुपारी तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला, परसातली माती भरली आणि त्यात त्या खोचल्या. तीन उगवल्या. एक सामानाच्या टेम्पोत मोडली, एक पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिसरी जगली. गोजराबाई गॅलरीतल्या त्या डब्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालत. मग गोजराबाईच गेल्या, आणि घरात त्या फणसाचं करणारं दादांखेरीज कोणी उरलं नाही. रोप त्यांच्या छातीला लागलं होतं. डब्यात मुळं वळून वळून दाटली होती, पानं पिवळट पडत होती, आणि सुनेला कपडे वाळत घालायला गॅलरी हवी होती. तिचंही काही चुकत नव्हतं.

दादा माळ्याच्या कामाला का आले, हे त्यांनी मला तीन महिन्यांनी सांगितलं.

"मना एक खड्डा पायजे व्हता, बाई. सोसायटीचा झाड म्हनून लावा, माझा नाव नको. फकस्त जगला पायजे."

मला भरून आलं. आणि मला एकदा भरून आलं की मी कार्यक्रम करते. मी म्हणाले, "पाच जूनला पर्यावरण दिन आहे. सगळ्यांना बोलावू, बॅनर लावू, तुमच्या हस्ते लावू."

दादा थोडे घुटमळले. "गनपती झाल्याव लावू का? पावसाचा पानी हितं कसा ऱ्हातो ते एकदा बगू."

मला वाटलं, माळ्यांना सगळंच पुढे ढकलायची सवय असते. हे लिहिताना लाज वाटते, पण मला तसंच वाटलं. मी म्हणाले, गणपतीपर्यंत कशाला थांबायचं, आपण माती तपासूनच घेऊ.

मेच्या शेवटच्या रविवारी मी तपासणी ठेवली. सोसायटीतली मुलं गोळा केली. फूटभर खोल खड्डा खणवला, मोजपट्टी उभी केली आणि समजावून सांगितलं की यात पाणी भरायचं, तासाभरात ते किती उतरतं ते बघायचं, म्हणजे मातीचा निचरा कळतो. आमचा सेक्रेटरी सौरभ, कंप्युटरवाला, उत्साही मुलगा, फोनवर व्हिडिओ काढत होता. मी दोन बादल्या ओतल्या. बारा मिनिटांत खड्डा कोरडा. मी हात झटकून जाहीर केलं, "निचरा उत्तम." टाळ्या पडल्या.

दादा खड्ड्यात वाकून बघत होते. गर्दी पांगल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, पानी भेगांनी पिला. मातीनी नाय. खाली उन्हानी तडकलीय ती. पुन्ना भरा. आज भरा, उद्या भरा, मंग बगा."

त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, तिला तडे जातात आणि पाणी तड्यांतून निसटून जातं. भिजली की तीच माती फुगते, तडे मिटतात, आणि मग पाणी जागचं हलत नाही. मी हे वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं आहे, परीक्षेत कारणे द्या म्हणून विचारलेलं आहे. पण व्हिडिओ ग्रुपवर गेला होता आणि त्याला चोवीस अंगठे आले होते. मी म्हणाले, "दादा, बारा मिनिटं म्हणजे फारच चांगला निचरा. हे आपण मोजलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग खड्ड्याकडे. "मोजलाय तर मंग बराबर आसल," म्हणाले.

पाच जूनला त्यांनी आणखी एकदा विचारून पाहिलं. हातभर उंचवटा करून त्यावर फणस लावू का? सौरभ म्हणाला, लॉनची लेव्हल बिघडेल. मी सौरभच्या बाजूने मान हलवली. डबा गंजका होता, फोटोत वाईट दिसला असता, म्हणून तो पंपाच्या खोलीमागे ठेवायला लावला. दादांनी त्याआधी डब्याच्या चारही बाजू हलके ठोकल्या आणि माती अख्खी बाहेर काढली. मुळांनी घट्ट बांधलेला, डब्याच्याच आकाराचा चौकोनी गड्डा तसाच खड्ड्यात उतरला. मी पाच मिनिटं भाषण केलं. दादांनी टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला होता आणि ते भाषणभर फणसाकडे बघत होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने ठाण मांडलं. लॉनवर पाय ठेवला की बोटांच्या फटींतून पाणी वर यायचं. फणसाची पानं खाली लोंबली. भर पावसात झाड तहानल्यासारखं दिसतं तेव्हा मुळांना हवा मिळत नसते, हेही मी शिकवलेलं आहे.

एका मंगळवारी सकाळी दादा आमच्या दारात आले. नखशिखांत भिजलेले, आणि फरशी ओली होईल म्हणून पायपुसण्याच्या अलीकडेच उभे.

"बाई, त्याच्या पायाशी पानी कोंडलाय. गटारापरेंत एक चर मारून देतो. अर्ध्या दिसाचा काम हाय. गवत काढून ठेवतो न् परत लावून देतो."

लॉन नुकतंच बसवलं होतं. ग्रुपवर लोक त्याच्या कडेला चप्पल ठेवण्यावरूनसुद्धा भांडत होते. मी म्हणाले, "रविवारी मीटिंग आहे, दादा. तिथे विषय घेते. न विचारता खणलं तर बोलणी मला खावी लागतील."

"रविवार," ते म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजलं. "बरा."

ते गेल्यावर आतून फजल म्हणाले, "नूरजहाँ, जहाजात पाणी शिरलं तर आधी पंप लावतात. कॅप्टनला कळवतात, पण पंप चालू करून."

"ही सोसायटी आहे, जहाज नाही," मी म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

त्या रविवारी कोरम भरला नाही. पुढच्या रविवारचा सगळा वेळ पार्किंगने खाल्ला. विषयपत्रिकेत माझा विषय सातवा होता. तिसऱ्या रविवारी तो आला, सौरभने वाचला, सगळ्यांनी हात वर केले आणि मंजूर झाला. पुरतं मिनिटही लागलं नाही. कोणाचीच हरकत नव्हती. मंगळवारीच मी हो म्हणाले असते तरी कोणी चकार शब्द काढला नसता, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

सोमवारी दादांनी चर मारला. पाणी दिवसभर गटाराकडे वाहत राहिलं. मी छत्री घेऊन उभी होते. मला वाटत होतं, आता पानं उभी राहतील. दादांनी खोडाची साल बुंध्याशी नखाने खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. नख नाकाशी नेऊन वास घेतला.

"उशीर जाला," ते म्हणाले. मला म्हणाले नाहीत, नुसतंच म्हणाले.

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "यंदा पाऊसच फार झाला."

मला वाटलं होतं ते काम सोडतील. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. वाळलेला फणस बुंध्याशी कापून त्यांनी बाजूला ठेवला, मुळं मात्र उपटली नाहीत. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी म्हणाले, "बाई, आता मोजू या का?"

या वेळी मुलं नव्हती, व्हिडिओ नव्हता. ओल्या मातीत खड्डा घेतला. भरला. ते पाणी जिरायला दुसरी सकाळ उजाडली. "ह्यो नाय मोजायचा," दादा म्हणाले. "पयला पानी मातीच्या तहानंला जातो. दुसरा मोजायचा." दुसऱ्यांदा भरलं. संध्याकाळपर्यंत ते चार बोटंही उतरलं नव्हतं. त्यात डासांच्या अळ्या व्हायच्या तेवढ्या बाकी होत्या. मी वहीत आकडे लिहिले. माझं अक्षर वाईट आलं.

त्यानंतर मी गप्प राहून त्यांचं ऐकायला शिकले. नेटवर वाचून मी वाळू मागवणार होते. ते म्हणाले, "रेती नको. ह्या मातीत रेती घातली का वीट होईल." मग वाळू मागवलीच नाही. त्यांनी लॉनमधून दोन चर काढले, तळाशी विटांचे तुकडे टाकले, उतार गटाराकडे दिला. वाफे गुडघाभर उंच केले. कुठूनतरी शेणखत आणलं, इमारतीतला सगळा सुका पाला झाडणाऱ्या बाईकडून मागून घेतला, नारळवाल्याकडची सोडणं कुटून घातली. माती ओली असताना वाफ्यात कोणी पाय टाकलेला त्यांना चालत नसे. एकदा मी टाकला तर त्यांनी मला दटावलं. मला ते बरं वाटलं.

दोन पावसाळ्यांत माती काळसर झाली. मुठीत दाबली तर पूर्वी गोळा व्हायचा, आता भुरभुरून सुटते. गांडुळं दिसतात. शेवगा आहे, कढीलिंब आहे, सोनचाफ्याला फुलं येतात. लोक त्याला बाईंची बाग म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगायचे की बाग दादांची आहे. आता सांगत नाही, कारण लोक त्याला माझा मोठेपणा समजतात.

एक फणसही आहे. मी नर्सरीतून कलम आणलं होतं. दादांनी ते उंचवट्यावर व्यवस्थित लावलं, काठी दिली, आळं केलं. कमरेइतका झालाय. "चांगला हाय," ते म्हणायचे, आणि जेवढं पाणी शेवग्याला तेवढंच त्यालाही घालायचे. जुन्या फणसाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. चर मारताना तेवढ्या जागेला वळसा घातला होता.

या मे महिन्यात त्यांचे गुडघे अगदीच गेले. मुलगी घणसोली गावात दिली आहे, ती म्हणाली माझ्याकडे या. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "दादा, बागेतलं काय नेता? शेवगा? चाफ्याची फांदी?"

"डबा देता का?"

डबा पंपाच्या खोलीमागे होता तिथेच होता. मी तो धुवून आणेपर्यंत दादा जुन्या जागी बसून खुरप्याने खणायला लागले होते. वरची माती गेली, मग करडी लागली. तिच्यात तो चौकोन तसाच होता. जवळजवळ तीन वर्षांत खाडीच्या मातीने त्याला आपल्यात घेतलंच नव्हतं. तांबूस माती, मेलेल्या मुळांच्या जाळीत धरलेली, चारही कोपरे जागच्या जागी. दादांनी तो गड्डा दोन्ही हातांनी उचलला आणि डब्यात ठेवला. कोपऱ्यांतून थोडी माती सांडली, तीही वेचून टाकली.

"ही गोजराच्या हातची माती," ते म्हणाले.

मग त्यांनी झारीने पाणी घातलं. डबा मी उचलून धरला होता. पाणी खालून माझ्या पायांवर गळलं. मी डबा तिरका करून तळ पाहिला. नऊ भोकं होती, खिळ्याने पाडलेली, तीन-तीनच्या ओळीत. गोजराबाई शाळेत गेल्या नव्हत्या. दादांनी झारी परत भरली, पुन्हा ओतली. तेही पाणी तितक्याच बेताने गळून गेलं.

"दादा, मला माफ करा," मी म्हणाले. "माझ्यामुळे गेला तो. मेमध्ये तुम्ही सांगितलं होतं, जुलैमध्येही सांगितलं होतं." मग इतके दिवस मनात होतं तेही विचारलं. "पण तुम्ही त्या मंगळवारी चर का खणला नाहीत? मला न विचारता खणायचा. मी काय केलं असतं?"

त्यांनी टॉवेल सोडून डब्यावर पसरला, कडा आत खोचल्या.

"उघाडी माझ्याकडं व्हती तवा मी कोनाला ईचारला नाय, बाई. हितली तुमच्याकडं व्हती."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. फजल रिक्षा घेऊन आले. दादा आत बसले, डबा मांडीवर घेतला आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. त्यात लावायला त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.